खंबाटकीच्या अलीकडे

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवायची नाही असं बजावलं, म्हणून त्या रविवारी गाडीची किल्ली पहिल्यांदा माझ्या हातात आली. तोपर्यंत त्या गाडीत मी मागेच बसत आले होते, आईशेजारी. आई वैशाखात गेली. त्यानंतर पुढे बसायला हरकत नव्हती, पण मी मागेच बसायची. बाबा म्हणायचे, "मी काय तुझा ड्रायव्हर आहे का?" आणि तरी मागचंच दार उघडून धरायचे.

हडपसरला त्यांचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. तो विकला तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली. परदेशी बनावटीची, उंच, काळी वाटावी इतकी गडद निळी. शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ती वळली की समोरून येणारे भिंतीला पाठ लावून उभे राहत. खालच्या मजल्यावरचे तुळपुळे पहिल्याच दिवशी म्हणाले, "श्यामराव, आधी गल्ली गाडीच्या मापाची करून घ्यायची होती."

पार्किंगच्या भिंतीवर चार्जर बसवला होता. रात्री जेवण झालं की बाबा स्वतः खाली जाऊन त्याची केबल गाडीला लावायचे. बटण दाबलं तरी गाडी सुरू झाल्याचं कळत नसे, इतकी ती शांत. त्यामुळे आमच्या घरात ती 'इलेक्ट्रिक' होती. आई सगळ्यांना तसंच सांगायची आणि मीही. तुळपुळ्यांनी एकदा नंबरप्लेटकडे बघून विचारलं होतं, "इलेक्ट्रिकला हिरवी पाटी असते म्हणे. तुमची पांढरी कशी?" बाबा म्हणाले, "तुम्ही आरटीओत कधीपासून?" विषय तिथेच संपला.

आमच्या घरात वाटणी होती. पुस्तकं, कागदपत्रं आणि कोणता शब्द कसा लिहायचा हे माझ्याकडे. स्वयंपाक, नातेवाईक, सणवार आईकडे. आणि ज्यात एक जरी स्क्रू आहे ते सगळं बाबांकडे. मिक्सर बिघडला तरी आई त्याला हात लावत नसे. 'ह्यांना येऊ दे' म्हणायची. मी कॉलेजात मराठी शिकवते, हाताला लागेल ते वाचते. पण घरच्या गाडीचं माहितीपुस्तक उघडावं असं मला कधी वाटलं नाही. बाबा असताना ते उघडणं म्हणजे त्यांच्यावर शंका घेण्यासारखं झालं असतं.

आईचं दुखणं मणक्यात उतरलं तेव्हा तिचं रिक्षात बसणं संपलं, मग साध्या गाडीत बसणंही. खड्डा आला की ती ओठ दाबून धरायची आणि नंतर म्हणायची, "काही नाही गं." फक्त ह्या गाडीत तिला जमायचं. सीट जवळजवळ आडवी व्हायची आणि खड्डे कुठेतरी खाली, दुसऱ्याच कुणाच्या रस्त्यावर असल्यासारखे राहून जायचे. हॉस्पिटलमधून परतताना तिला झोप लागली तर बाबा गल्लीत न वळता नदीकाठाने आणखी एक फेरी मारायचे, तिला उठवायला नको म्हणून. हे मी विसरलेले नाही. पुढचं लिहायचं तर हेही लिहायला हवं.

पौषात आईने वाईला जायचं काढलं. वाई तिचं माहेर. तिथे तिचा थोरला भाऊ शरच्चंद्र, माझा शरूमामा, मामीबरोबर राहतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून तो वॉकर घेऊन चालतो, घराबाहेर पडत नाही.

"कृष्णाबाईच्या उत्सवाला जाऊ या," आई म्हणाली. "एक दिवस दादाकडे राहीन, कृष्णेच्या घाटावर बसेन. झालं."

बाबा लगेच नाही म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "गाडीचा प्रश्न आहे."

प्रश्न असा होता: गाडी एका चार्जमध्ये साठ किलोमीटर जाते, आणि वाई नव्वदच्या आसपास. मी फोनवर शोधलं. सातारा रस्त्यावर चार्जर होते, चांगले ठिकठिकाणी होते. मी बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले.

"हे जलद चार्जर आहेत. ह्यांची पिन आपल्या गाडीला बसत नाही. आपल्याला घरच्यासारखं सावकाश चार्ज करावं लागतं, चार-पाच तास. तेवढा वेळ ती हायवेवर पडून राहणार का?"

मी नंतर खात्री करून घेतली आहे. यातला शब्द न् शब्द खरा होता.

मी ॲम्ब्युलन्सचं सुचवलं. आई म्हणाली, "माहेरी ॲम्ब्युलन्समधून उतरू? शेजारणी रडतच बाहेर येतील."

"तू समजाव तिला," बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले. "मी सांगितलं तर तिला वाटेल मी टाळतोय."

मी समजावलं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने रेघ ओढून दाखवली. हे आपलं घर, हे शिरवळ, हा खंबाटकी घाट. चार्ज घाटाच्या अलीकडेच संपणार. मी बरी शिकवते असं विद्यार्थी म्हणतात. आईला पटलं. ती त्या रेघेकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "घाटात बंद पडली तर बिचारीला ढकलणार कोण? राहू दे." बिचारी म्हणजे गाडी.

यायला जमत नाही हे तिने शरूमामाला फोनवर सांगितलं. तरी मामा पुढच्या फोनवरही 'कधी येतेस' विचारायचा. त्याची ती सवयच होती. मग माघात केव्हातरी त्याचे फोन बदलले. तब्येत विचारायचा, गोळ्या विचारायचा आणि 'आराम कर' म्हणून ठेवून द्यायचा. 'ये' म्हणणं त्याने सोडून दिलं. आईच्या ते लक्षात आलं. "आजारी माणूस कुणाला हवं असतं घरात," एवढंच ती एकदा म्हणाली. त्यानंतर वाईचा फोन आला की ती मला खुणेनेच सांगायची, झोपलीय म्हण.

आता त्या रविवारचं.

दिगंबरकाका हे बाबांचे इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचे मित्र. लोणावळ्याला त्यांच्या बंगल्यावर त्यांची पंच्याहत्तरी होती. बाबा सकाळपासून तयार होऊन बसले होते. कडक इस्त्रीचा झब्बा, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. मी मनाशी हिशेब केला होता: लोणावळा साठ-पासष्ट, म्हणजे जेमतेम पोहोचू, गाडी तिथे चार्जिंगला लावू आणि संध्याकाळी निघू. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले, बटण दाबलं, तर समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या चित्राशेजारी चार किलोमीटर लिहिलेलं. आदल्या रात्री डोळ्यात थेंब घालायच्या गडबडीत बाबा केबल लावायला विसरले होते.

"बाबा, चार्जच नाही. चार किलोमीटर दाखवतंय."

"हं." बाबा मागे वळून सीटवर काहीतरी शोधत होते.

"हं काय? डेक्कनच्या पुढे जायची नाही. काकांना फोन करून सांगा, येत नाही म्हणून."

"अगं चल, पेट्रोल आहे ना. ऑपरेशनच्या आधीच टाकी फुल करून ठेवलीय. ती शाल घेतलीस का दिग्याची? इथे दिसत नाही."

"डिकीत आहे," मी म्हटलं.

ऐकू येणं आणि समजणं यांच्यामध्ये एक रिकामी जागा असते. त्या जागेत मी गाडी पार्किंगमधून बाहेर काढली, गल्लीतून वळवली, तुळपुळ्यांनी हात केला त्याला मानेने उत्तर दिलं. लकडी पूल ओलांडून डेक्कनला आले. चाराचे तीन झाले, दोन झाले. कर्वे रस्त्यावर एक झाला आणि मग शून्य. गाडी थांबली नाही. तिच्या पोटात कुठेतरी हलकी घरघर सुरू झाली, एवढंच.

तो आवाज मी ओळखत होते. आईला हॉस्पिटलमधून आणताना तो मी दोन-तीनदा ऐकला होता. एकदा विचारलंही होतं. बाबा म्हणाले होते, बॅटरी थंड करायचा पंखा आहे.

"बाबा, हा आवाज कसला?"

"कुठला? इंजिन सुरू झालं," बाबा म्हणाले. आणि मग त्यांचा सीटच्या पट्ट्यावरचा हात तिथेच राहिला.

"पंखा नाही?"

नळस्टॉपचा सिग्नल लाल होता. मी पडद्याकडे नीट पाहिलं. बॅटरीच्या चित्राच्या पलीकडे पेट्रोल पंपाचं छोटंसं चित्र होतं, कुठल्याही गाडीत असतं तसं, आणि त्याच्यापुढे पूर्ण भरलेली पट्टी. मागच्या सीटवरून ते कधी दिसलं नसतं. बाबांचं डोकं मध्ये यायचं.

मागच्याने हॉर्न दिला.

"सिग्नल सुटला," बाबा म्हणाले.

"पेट्रोलवर कुठपर्यंत जाते ही?"

"ऋचा, समोर बघ."

"बघतेय. कुठपर्यंत?"

"टाकी भरलेली असेल तर पाचशे. सहाशेसुद्धा."

"म्हणजे वाईला जाऊन परत. पुन्हा जाऊन पुन्हा परत. आणि तरी उरेल."

"हो."

कोथरूड आल्यावर बाबा म्हणाले, "तू एवढं वाचतेस. गाडीच्या मागे अक्षरांत 'हायब्रिड' लिहिलंय, म्हणजे दोन्हीवर चालणारी. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं. मला तेव्हा कळलं की हे खोटं त्यांनी आधीपासून रचलेलं नव्हतं. आधी फक्त आमचं अज्ञान होतं, दोघी बायकांचं. वेळ आली तेव्हा ते त्यांना आयतं सापडलं.

"का केलंत?"

"तुला तिने सांगितलं, एक दिवस राहीन. मला वेगळं सांगितलं होतं." बाबांनी चष्मा काढला, डोळ्यातून पाणी येत होतं ते रुमालाने टिपलं, पुन्हा लावला. ऑपरेशननंतर पाणी येतंच. "मला म्हणाली, तिथेच सोडा मला. घाटाजवळ, दादाच्या घरी. परत आणू नका."

मी हे पहिल्यांदा ऐकत होते.

"माझ्या घरात काय कमी होतं तिला?" बाबा म्हणाले.

"हे तिला विचारलंत?"

"असं विचारतात का कुणी?"

"मग नाही म्हणायचं होतं. सरळ. मला जमणार नाही, मंदाकिनी, म्हणायचं होतं."

"मला तिला 'नाही' म्हणवत नव्हतं. तू पाहिलंस ना तिचा चेहरा त्या दिवसांत?"

"म्हणून माझ्याकडून म्हणवून घेतलंत."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी पेन्सिलीने रेघ ओढत होते तेव्हा ते शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. ते आत येऊन एक शब्द बोलू शकले असते.

चांदणी चौकात मुंबईची पाटी एकीकडे, साताऱ्याची दुसरीकडे. मी गाडी साताऱ्याच्या बाजूला घेतली.

"अगं चुकलीस. लोणावळा तिकडे."

"नाही चुकले."

"ऋचा, तिकडे लोक वाट बघतायत."

"वाईला आई वर्षभर वाट बघत होती, बाबा." हे चुकीचं वाक्य होतं. आई वाईला नव्हती, घरी होती. वर्षही झालं नव्हतं. मी सहसा असं बोलत नाही. बाबांनी दुरुस्त केलं नाही.

कात्रजचा नवा बोगदा ओलांडला तेव्हा त्यांचा फोन वाजला. तो गाडीला जोडलेला असायचा, त्यामुळे दिगंबरकाकांचा आवाज चारही बाजूंनी आला.

"श्याम्या, कुठे मेलास? केक वितळतोय इथे."

"दिग्या, अरे, गाडीने दगा दिला," बाबा म्हणाले. किती सहज म्हणाले. आवाजात थोडी चीड, थोडं हसू, अगदी हवं तेवढं. "वाटेतच चार्जिंग संपलं बघ. ही इलेक्ट्रिकची भानगड."

"थापा कुणाला मारतोस? तुझी पेट्रोलवर पळते. माझ्या दारात बॉनेट उघडून तासभर भाषण दिलं होतंस, आठवतं का? झोपून राहिलो म्हण की सरळ!"

"बरं, झोपलो," बाबा हसून म्हणाले.

"ऋचा आहे का तिथे? ऋचा, बापाला कान धरून आण."

"काका, पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा," मी म्हटलं. "आम्ही वाईला चाललोय."

पलीकडे भांड्यांचा आणि माणसांचा आवाज येत राहिला. "वाईला? बरं," काका म्हणाले. "बरं, बरं. सावकाश जा." आणि फोन बंद झाला.

दिगंबरकाकांना माहीत होतं. मग बाबांच्या सगळ्याच मित्रांना माहीत असणार. फक्त जिला त्या गाडीतून जायचं होतं तिला माहीत नव्हतं, आणि मला.

शिरवळ गेलं. खंबाटकीचा घाट आला. गाडी एकदाही कुरकुरली नाही. मोठे ट्रक डावीकडे कण्हत चढत होते आणि आम्ही त्यांना मागे टाकत वर जात होतो. बाबांनी एका वळणावर सवयीने सांगितलं, "इथे थोडी हळू घे," आणि मी घेतली. त्यांचं यंत्राबद्दलचं म्हणणं मी तेव्हाही ऐकलंच.

सुरूरला वाईच्या रस्त्याला वळल्यावर ते म्हणाले, "शरूभाऊंकडे उगाच जायला नको. म्हातारा माणूस आहे. त्यांना काय सांगणार आहेस?"

"तुम्ही सांगा. तुम्ही मला जे सांगितलंत तेच."

मामाचं घर गणपती आळीत, एका दुमजली इमारतीत तळमजल्यावर. समोर थोडी मोकळी जागा, एक नारळ. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, वॉकर शेजारी उभा. त्याने आधी गाडी ओळखली, मग मला.

"या, या, श्यामराव! ऋचा, तू चालवतेस होय? अगं, मागच्या खेपेसारखी तिकडे भिंतीला लाव, नारळाखाली नको. एवढी भारी गाडी, वरून नारळ पडला तर मला विकावं लागेल."

मी गाडी भिंतीला लावली. किल्ली पर्समध्ये टाकून ओट्यापर्यंत आले, तोवर मागे गाडीने स्वतःच स्वतःला कुलूप लावल्याचा आवाज आला.

"मागच्या खेपेसारखी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे हे आले होते ना, माघात, उत्सवाच्या आधी. हीच गाडी." मामाने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "हिला ठाऊक नाही का?"

"आत चला भाऊ, ऊन लागतंय," बाबा म्हणाले.

आत मामीने पाणी दिलं आणि कॉफी ठेवायला गेली. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले, निघायच्या बेतात असल्यासारखे. मी मामाला विचारलं, बाबा माघात कशाला आले होते?

"डॉक्टरांचा निरोप घेऊन." मामाला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "प्रवास केला तर मंदा वाटेतच जाईल म्हणाले. आणि ती माझं ऐकते, मी ये म्हटलं की हट्टाला पेटते. तेव्हा तुम्ही ये म्हणू नका, म्हणाले. मी शब्द दिला. पाळला." त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "फोन ठेवला की ही माझ्यावर तापायची. बहीण मरायला टेकलीय आणि तुम्ही तिला आराम कर म्हणता, दगड आहात का! हिलाही काही सांगितलं नव्हतं मी. सांगितलं असतं तर हिने मंदाला सांगितलं असतं."

स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "सांगितलंच असतं."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. प्रत्येक तपासणीला मी आईबरोबर आत असायची. वाईचं मीच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, वेदना सोसत असेल तर जिथे तिला बरं वाटेल तिथे न्या, आता आम्ही अडवणार नाही. हे मी घरी येऊन बाबांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती.

माघातला तो दिवसही मला आठवला. बाबा सकाळी लवकर निघाले होते. कारखान्याच्या नव्या मालकांना एक यंत्र समजावून द्यायचं होतं. संध्याकाळी परतले. आई दिवसभर विचारत होती, हडपसरला यांच्या जेवणाचं कुणी पाहिलं असेल का.

तिला जी गाडी घाट चढणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच गाडीतून ते घाट चढून आले होते. तिच्या भावाच्या घरी, जिथे एकदा यावं म्हणून तिने तळमळ केली त्याच खोलीत बसून, तिला बोलावू नका असं सांगून, घाट उतरून परत गेले होते. मी बाबांकडे पाहिलं. वाटेत त्यांनी मला सगळं सांगितलं, निदान सगळं सांगितल्यासारखं दाखवलं. पण हे सांगितलं नाही. मी गाडी वाईकडे वळवल्यानंतरसुद्धा नाही.

मामाने दोन्ही हात वॉकरवर ठेवले होते. "ऋचा," तो म्हणाला, "शेवटी मंदा काही म्हणाली का गं? माझ्याबद्दल?"

"तुमचंच नाव घेत होती," बाबा म्हणाले. "दादा, दादा करायची."

मामाचा चेहरा सैल झाला. त्याने डोळे मिटून मान हलवली, दोनदा. ते वाक्य त्याला पुरलं असतं. तो ऐंशीच्या पुढचा आहे. उरलेली वर्षं त्याने त्या वाक्यावर काढली असती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण ती नजर मला पाठ होती. तू समजाव तिला, म्हणाले तेव्हाची.

"नाही मामा," मी म्हटलं. "ती तुझं नाव घेत नव्हती. तू ये म्हणायचं सोडलंस ते तिला कळलं होतं. तिला वाटलं, आजारी माणूस तुला घरात नको आहे. तुझे फोन आले की ती जागी असायची. झोपलीय म्हणून मीच सांगायची. आणि डॉक्टर प्रवासाला नको म्हणाले नव्हते."

मामी कॉफीचे कप घेऊन दारात उभी होती. ती तिथेच थांबली.

मामाने वॉकरवरचे हात काढून मांडीवर घेतले. मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नसावं. मग तो म्हणाला, "हे कशाला सांगितलंस मला?"

ठाऊक असूनही न सांगणारी आणखी एक व्यक्ती या गोष्टीत मला नको होती, एवढंच मला समजत होतं. पण ते त्याच्या काय कामाचं?

त्याने वॉकर पुढे सरकवला, जोर लावला आणि उभा राहिला. एरवी पाहुणे निघाले तरी तो उठत नाही, उठवत नाही त्याला.

"श्यामराव," तो म्हणाला, "तुम्ही या आता."

"भाऊ, माझं ऐकून तर घ्या. मी तिच्यासाठीच..."

"माघात ऐकलं. या."

बाबा उठले. झब्बा सारखा केला. माझ्याकडे वळून म्हणाले, "चल ऋचा." मी उठेन असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"ती बसेल," मामा म्हणाला.

मी बसले. बाबा चपला घालून बाहेर गेले. गाडीच्या दाराला हात लावून पाहिला त्यांनी. ते उघडलं नाही. ते तसेच उन्हात उभे राहिले, एक हात टपावर ठेवून, वाटेत मध्येच उतरलेल्या माणसासारखे. मामीने कप खाली ठेवले. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय हो त्यांचं," ती मामाला म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता प्लास्टिकची एक खुर्ची उचलून बाहेर घेऊन गेली. तिने ती भिंतीच्या सावलीत ठेवली. बाबा तिला काहीतरी म्हणाले. तिने मान हलवली आणि परत आत आली.

मामा सावकाश खाली बसला. धाप लागली होती त्याला.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "मला कुणी काही सांगितलेलं नाही. काय खायची ती?"

"आधी खायची थोडं. भात, ताक. नंतर नुसतं ताक."

"मीठ घालून?"

"घालून. जिरं मात्र नको म्हणायची."

"लहानपणापासून नकोच तिला जिरं," मामा म्हणाला. "मग?"

खिडकीतून बाबांची पाठ दिसत होती. किल्ली माझ्या मांडीवर, पर्समध्ये होती. इथूनच बटण दाबलं असतं तर दार उघडलं असतं. मी पर्स खाली जमिनीवर ठेवली आणि पुढे सांगायला लागले.